नव्या एडिशनची प्लेटेस्ट: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या अंकात मी सहज लिहिलं होतं की टेबलटॉप रोलप्लेइंग गेमच्या नव्या एडिशनचे टेस्ट ड्राफ्ट कुणी खेळत असाल तर प्रश्न पाठवा, आणि इतके आले की सगळे घेणं शक्यच नाही, त्यामुळे जे पुन्हा पुन्हा विचारले गेले तेच घेतलेत. ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: एक जण गोष्ट चालवतो, त्याला जीएम म्हणतात, बाकीचे एकेक पात्र घेऊन त्या गोष्टीत शिरतात, आणि काही अवघड करायचं झालं की फासे टाकून ठरतं जमलं की नाही. अशा गेमची रूलबुकं काही वर्षांनी नव्याने लिहितात आणि छापायच्या आधी कच्चे नियम लोकांना खेळायला देतात. ती प्लेटेस्ट.

प्रश्न: ताई, आमचा पाच जणांचा ग्रुप चार वर्षं एकच गेम खेळतोय. त्याच्या नव्या एडिशनचा ड्राफ्ट आला म्हणून लगेच सेशन लावलं, पण त्यातला हीलिंगचा रूल कुणालाच पटला नाही, मग आम्ही तेवढा जुनाच वापरला. सेशन मस्त झालं. आता फीडबॅकच्या फॉर्ममध्ये काय लिहू?

सेशन मस्त झालं ह्याचा आनंद आहे, पण हीलिंगच्या रूलची टेस्ट झालीच नाही रे, तिथे तुम्ही जुना गेम खेळलात. मला माहितीये कसं होतं ते, रूल वाचतानाच कळतं की हे आपल्या टेबलावर चालणार नाही आणि दुरुस्त करायला हात शिवशिवतात, आणि चार वर्षं खेळलेल्या माणसाला ते जमतंही. तरी जसं लिहिलंय तसंच खेळा, निदान दोन सेशन. "वाचून पटला नाही" हे मत डिझायनरला ढिगाने मिळतं, खेळल्यावर नेमकं काय झालं हे सांगणारे फार थोडे असतात.

एक प्रसंग सांगते. एका छोट्या गेमच्या ड्राफ्टमध्ये असा नियम होता की जखम भरायची किंवा औषध प्यायचं तर दम नावाचे पॉइंट खर्च करायचे, आणि दम दिवसाला मोजकाच. वाचताना आम्हा सगळ्यांना तो आवडला होता बरं का, लढाईत ताण वाढेल म्हणून. तिसऱ्या सेशनला आमची ढालवाली सगळ्यांच्या पुढे उभी, हिट पॉइंट, म्हणजे जीव किती उरलाय त्याचे आकडे, फक्त तीन, पाठीवरच्या पिशवीत औषधाच्या दोन बाटल्या, आणि दम शून्य. तिची पाळी आली. तिने शीटवरून बोट फिरवलं, वर बघितलं, परत शीट बघितलं आणि म्हणाली, "मी उभी राहते." पुढच्या पाळीलाही "उभी राहते." त्याच्या पुढच्या पाळीपर्यंत ती फासे एकावर एक रचत बसली होती. मी वहीत एवढंच लिहिलं: ९ वाजून ४० मिनिटं, तीन पाळ्या काहीच करता आलं नाही, बाटल्या दोन शिल्लक, फासे रचतेय. फीडबॅकमध्ये तेच जसंच्या तसं पाठवलं, नियम वाईट आहे असं कुठेही म्हटलं नाही, आणि वाचताना तो आम्हाला आवडला होता हेही लिहिलं. माझ्या मते त्या अख्ख्या टेस्टमध्ये आमच्या हातून झालेलं सगळ्यात उपयोगी काम ते होतं, कारण असा क्षण नुसतं वाचून सापडत नाही, तो यायला तीन सेशन लागले.

मोठ्या गेममध्येही असंच घडलंय. पाथफाइंडर नावाच्या गेमच्या दुसऱ्या एडिशनची टेस्ट २०१८ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली तेव्हा त्यात रेझोनन्स नावाचा हिशेब होता, लेव्हल (पात्र अनुभवाने किती वर चढलंय तो आकडा) अधिक करिश्मा (त्याच्या व्यक्तिमत्त्वाच्या प्रभावाचा आकडा) एवढे पॉइंट, आणि जादूच्या वस्तू वापरायच्या तर त्यातून खर्च, अगदी औषधाची बाटली प्यायची असली तरी. लोकांनी खेळून बघितलं, भरपूर लिहिलं, आणि २०१९ ला पुस्तक आलं त्यात रेझोनन्स नव्हता.

तेव्हा फॉर्ममध्ये खरं ते लिहा, की पहिल्या सेशनला हा रूल आम्ही वापरला नाही. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, उलट ती पण एक माहितीच आहे. मग परत बसा आणि नवा रूल घेऊन खेळा.

प्रश्न: मी आजपर्यंत एकही रोलप्लेइंग गेम खेळलेलो नाही. मित्र म्हणतात चल टेस्टिंगला, पण जिथे सगळे जुने खेळाडू आहेत तिथे माझ्या मताला काय किंमत असणार?

खूप. खरं सांगायचं तर काही बाबतीत तुमच्याइतका उपयोगी माणूस त्या टेबलावर दुसरा नसेल. जुन्या खेळाडूच्या डोक्यात जुनी एडिशन बसलेली असते, तो पानावर नसलेलं पण वाचतो. एखादं वाक्य अर्धवट राहिलं असेल तर त्याचं डोकं आपोआप ते पुरं करतं आणि त्याला कळतही नाही की इथे भोक आहे, तुम्ही मात्र थेट त्या भोकात पडणार.

ह्या छंदाची सुरुवातच ह्या अडचणीतून झालीये. डंजन्स अँड ड्रॅगन्स १९७४ ला आलं ते तीन छोट्या पुस्तिकांमध्ये, आणि त्यात गृहीत धरलं होतं की वाचणाऱ्याकडे चेनमेल नावाचे आधीचे युद्धखेळाचे नियम असतीलच. तो गेम बनवणाऱ्या गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन ह्यांच्या टेबलावर जे बसले होते त्यांना काही अडलं नाही, त्यांनी गेम खेळून शिकला होता. ज्यांनी नुसती पुस्तिका हातात घेतली ते मात्र गोंधळले, आणि मग प्रत्येक ग्रुपने आपापला अर्थ लावून आपापला गेम बनवला. नवख्यांसाठी सुटसुटीत लिहिलेला बेसिक सेट यायला १९७७ उजाडलं, तो संपादित केला जे. एरिक होम्स ह्यांनी, पेशाने ते न्यूरॉलॉजीचे प्राध्यापक.

म्हणून चांगल्या टेस्टमध्ये एक फेरी अशी असते की डिझायनर टेबलाजवळ नसतो आणि समजावून सांगायलाही कुणी नसतं, फक्त पुस्तक. तुम्ही तुमच्या मित्रांना एवढंच सांगा की पहिलं कॅरेक्टर मी एकटा बनवणार, कुणी मदत करायची नाही. मोबाइलवर घड्याळ लावा. कुठल्या पानावरून कुठल्या पानावर गेलात, कुठला शब्द शोधायला मागे यावं लागलं, कुठे दोन अर्थ निघतात असं वाटलं आणि तुम्ही कुठला धरलात, सगळं लिहा. "कॅरेक्टर बनवायला दोन तास दहा मिनिटं, त्यातली पस्तीस मिनिटं बोनस कशात मिळवायचा हे शोधण्यात" असं एक वाक्य मिळालं की संपादकाला कळतं कुठलं पान परत लिहायचंय. आणि अंदाज चुकला तर चुकू दे, चुकीचं कॅरेक्टर घेऊनच खेळायला बसा, ते पुसून नीट करू नका.

प्रश्न: आमच्या ग्रुपमध्ये अॅडव्हान्टेजवरून वाद आहे. म्हणजे वीस बाजूंचा फासा दोनदा टाकायचा आणि मोठा आकडा घ्यायचा. एक मित्र म्हणतो हे सरळ प्लस पाच धरा आणि फासा एकदाच टाका, वेळ वाचेल. नव्या ड्राफ्टसाठी आम्ही ही सूचना पाठवू का?

सूचना पाठवायच्या आधी थोडा हिशेब करू. वीस बाजूंच्या फाशावर प्रत्येक प्लस एक म्हणजे ५ टक्के, तो सगळीकडे सारखाच वाढतो. अॅडव्हान्टेज तसा वागत नाही. ११ किंवा जास्त हवे असतील तर एका फाशाने शक्यता ५० टक्के, दोन फाशांनी ७५, म्हणजे इथे तुमच्या मित्राचं बरोबर आहे, नेमका प्लस पाच झाला. पण १६ लागत असतील तर २५ टक्क्यांचे ४३.७५ होतात, म्हणजे प्लस चारच्या थोडं खाली, आणि फक्त वीसच लागत असेल तर ५ चे ९.७५ होतात, जेमतेम प्लस एक. दुसऱ्या टोकालाही तेच, २ किंवा जास्त हवे असतील तर ९५ चे ९९.७५. थोडक्यात मधल्या कामांना तो भरपूर मदत करतो आणि जवळजवळ अशक्य कामाला फारशी करत नाही. प्लस पाच दिला तर अशक्य काम अचानक ३० टक्क्यांवर येतं, आणि गेमचा पोतच बदलतो.

आता हा हिशेब डिझायनर घरी बसून करू शकतो, त्यासाठी त्याला तुमची गरज नाही. त्याला दिसत नाही ते वेगळं आहे. २०१२ च्या मे महिन्यात डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या एडिशनची खुली टेस्ट सुरू झाली, तिच्या पहिल्याच पॅकेटमध्ये, म्हणजे लोकांना दिलेल्या कच्च्या नियमांच्या संचात, अॅडव्हान्टेज होता आणि तो २०१४ च्या पुस्तकात टिकला. त्याच्या आधी लोक टेबलावर प्लस दोन इथला, प्लस एक तिथला, वजा दोन अंधाराचा, अशी बेरीज करत बसायचे आणि फासा पडल्यावर कुणालातरी आठवायचं की अरे अजून एक प्लस एक राहिला. दोन फासे हातात घेतल्यावर ती कटकट गेली. शिवाय दुसरा फासा अजून घरंगळतोय आणि पहिल्यावर ४ आलेत, तेव्हा टेबलावरचे सगळे जण पुढे वाकतात बघा. ते वाकणं आकड्यात येत नाही, तुम्हीच सांगायचं असतं.

तेव्हा सूचना म्हणून पाठवू नका, खेळून बघा. एक सेशन दोन फाशांनी, एक प्लस पाचने, आणि दोन्हीत काय फरक जाणवला तो लिहा. खरंच वेळ वाचला का तेही घड्याळ लावून बघा, माझा अंदाज आहे फारसा वाचणार नाही.

प्रश्न: किती सेशन खेळलो की आमचं मत ग्राह्य धरतील?

एकाच सेशनचं मतही उपयोगी असतं, फक्त एकच होतं हे लिहा. पण जमलं तर वरच्या लेव्हलला नक्की खेळा, कारण जवळजवळ सगळे ग्रुप पहिल्या तीन लेव्हलमध्ये अडकतात आणि बाराव्या लेव्हलला काय तुटतं ते पुस्तक छापून आल्यावर कळतं. पाथफाइंडरवाल्यांनी २०१८ ला ह्यावर छान उपाय काढला होता, टेस्टसाठी सात भागांची मोहीमच लिहिली जी पहिल्या लेव्हलपासून उड्या मारत सतराव्यापर्यंत जाते, आणि प्रत्येक भाग काहीतरी वेगळं तपासायला बनवलेला. त्यातला एक भाग तर असा की शत्रूंच्या लाटांवर लाटा येत राहतात आणि पात्रं त्यात मरावीत हाच हेतू, किती वेळ तग धरतात ते बघायला. तुम्हाला तेवढं करायची गरज नाही, पण एका शनिवारी थेट दहाव्या लेव्हलची पात्रं बनवून एक मोठी लढाई खेळून बघा.

प्रश्न: मी जीएम आहे. ड्राफ्टमधला नवा इनिशिएटिव्हचा रूल, म्हणजे ठरलेला क्रम नाही, ज्याला सुचेल त्याने बोलायचं, माझ्या खेळाडूंना प्रचंड आवडला. माझी मात्र दमछाक होते. फॉर्म एकच आहे. मी त्यांचं मत लिहू की माझं?

दोन्ही लिहा, पण वेगवेगळं लिहा, मिसळू नका. "रूल ठीक वाटला" असं मधलं काहीतरी लिहिलं की दोन्ही खऱ्या गोष्टी मरतात. खेळाडूंना तो का आवडला ते त्यांच्याच शब्दांत, आणि तुमची दमछाक नेमकी कुठे झाली ते तुमच्या शब्दांत. जीएमचा थकवा फॉर्ममध्ये फार कमी येतो ह्याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण जीएम थकला की मोहीम बंद पडते.

डॅगरहार्ट नावाच्या गेमचं उदाहरण बघा. त्यात बारा बाजूंचे दोन फासे असतात, एक आशेचा एक भीतीचा, आणि लढाईत ठरलेला क्रम नसतो. २०२४ च्या मार्चमध्ये खुली बीटा, म्हणजे सगळ्यांसाठी टेस्ट, आली तेव्हा खेळाडूने काही केलं की एका ट्रॅकरवर टोकन ठेवायचं आणि जीएमने ती टोकनं वापरून शत्रू हलवायचे, अशी पद्धत होती. मे २०२५ ला पुस्तक आलं तोपर्यंत तो ट्रॅकर मुख्य नियमांतून बाजूला झाला होता. आशा आणि भीती राहिली, क्रम नसणं पण राहिलं, हिशेब ठेवायचं ओझं मात्र कमी झालं.

आणि अजून एक, तुम्ही विचारलं नाहीत पण सांगते. ज्याला सुचेल त्याने बोलायचं म्हटलं की जो मुळात गप्प बसणारा आहे तो अजून गप्प होतो. पुढच्या सेशनला कागदाच्या कोपऱ्यात प्रत्येकाच्या नावापुढे रेघ मारत जा, कोण किती वेळा बोललं. "सगळ्यांना आवडला" म्हणणाऱ्या टेबलावर एकाच्या पुढे अकरा रेघा आणि दुसऱ्याच्या पुढे दोन असं मी पाहिलंय, आणि दोनवाली मुलगी फॉर्म भरताना "छान" एवढंच लिहून गेली होती.

प्रश्न: आमच्यातला एक जण मुद्दाम रूलमधल्या फटी शोधतो आणि असं कॅरेक्टर बनवतो की एका पाळीत सगळं संपतं. त्याला टेस्टमधून काढू का?

काढू नका हो, त्याला एक सेशन पूर्ण देऊन टाका. सगळ्यांना आधी सांगा की आज आपण मोडायला बसलोय, आणि त्याने जे जोडलं ते पायरीपायरीने लिहून घ्या, कुठली क्षमता, कुठल्या पानावरची, कुठल्या लेव्हलला. बाकीच्या सेशनला त्याने साधं कॅरेक्टर घ्यावं. दोन्ही एकाच सेशनमध्ये झालं की बाकीच्यांना काय वाटलं ते कळतच नाही, सगळं त्याच्या धुमाकुळात बुडून जातं.

प्रश्न: मेहनत करून लिहितो, पण आमचं कुणी ऐकतं का खरंच?

ऐकतात, पण तुम्ही म्हणता तसंच करतील असं नाही. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या एडिशनच्या पुस्तकात १,७५,००० पेक्षा जास्त टेस्टर्सचा उल्लेख आहे, एवढ्या गर्दीत एकेकाचा सल्ला कोण कसा मानणार? पण गर्दीने एकाच जागी बोट ठेवलं की हलतं. त्याच गेमची पुस्तकं २०२४ साठी सुधारताना, ऑगस्ट २०२२ च्या पहिल्या पॅकेटमध्ये असा नियम होता की क्रिटिकल हिटचे, म्हणजे वीस पडल्यावर बसणाऱ्या जबर फटक्याचे, जास्तीचे फासे फक्त खेळाडूंच्या पात्रांना, आणि तेही शस्त्राच्या किंवा हाताच्या वाराला, राक्षसांना नाहीत, मंत्रांना नाहीत. तो २०२४ च्या पुस्तकात आला नाही. २०२३ ला ड्रुइडचं, म्हणजे निसर्गाची जादू करणाऱ्या पात्राचं, प्राण्यात रूपांतर ठरावीक साच्यातून करायचा प्रस्ताव होता, तोही मागे घेऊन परत खऱ्या प्राण्यांची आकडेवारी आणली.

माझा एक वाईट अनुभवही सांगते, कारण फक्त गोड सांगितलं तर ते खोटं होईल. एका प्रकाशकासाठी आम्ही पाच महिने टेस्ट केली, चौदा पानं पाठवली, पोचसुद्धा आली नाही, आणि आम्ही दाखवलेली एक सरळसरळ बेरजेची चूक पुस्तकात तशीच छापून आली. खूप लागलं होतं मनाला. नंतर ती चौदा पानं परत वाचली तर त्यातली अकरा पानं आम्ही स्वतः लिहिलेले पर्यायी नियम होते, आणि बेरजेची चूक नवव्या पानावर एका परिच्छेदाच्या मध्ये. पोच द्यायलाच हवी होती त्यांनी, ते मी आजही म्हणेन. पण तेव्हापासून माझा फीडबॅक एका पानाचा असतो, चुका सगळ्यात वर, मग काय घडलं ते, आणि पर्याय सुचवायचाच असेल तर शेवटी एक ओळ.

प्रश्न: मी पंधरा वर्षं जुनी एडिशन चालवतोय. पुस्तकांच्या कडा फाटल्यात, समासात माझ्या मुलीच्या हस्ताक्षरातल्या नोट्स आहेत. नवा ड्राफ्ट वाचला की राग येतो. अशा माणसाने टेस्ट करावी का?

दादा, करावी, पण राग वेगळ्या कागदावर लिहून मग. तुमची पुस्तकं कुणी घेऊन जात नाहीये, त्या समासातल्या नोट्स तिथेच राहणार आहेत आणि त्या पुस्तकावर तुम्ही अजून पंधरा वर्षं खेळू शकता. २००८ ला डंजन्स अँड ड्रॅगन्सची चौथी एडिशन आली तेव्हा कितीतरी लोकांना जुनीच हवी होती, आणि ते जुने नियम खुल्या परवान्याखाली, म्हणजे दुसऱ्यांनाही वापरता येतील असे, असल्यामुळे त्यांच्यावरच उभं राहून २००९ ला पाथफाइंडर आला, तोही खुली टेस्ट घेऊनच. जुन्यावर प्रेम असणाऱ्यांनीच ती टेस्ट खेळली होती.

तुम्हाला काय जपलं जावं असं वाटतं ते तुमच्याइतकं नेमकं कोण सांगणार? फक्त "जुनं चांगलं होतं" असं लिहू नका. जुन्या नियमामुळे तुमच्या टेबलावर काय घडायचं ते लिहा, आणि त्याच प्रसंगात नव्याने काय घडलं ते. मुलगी मोठी झाली असेल आता. तिला शेजारी बसवा, वही तिच्या हातात द्या, आणि टेस्टच्या नोट्स तिला घेऊ द्या, कारण जीएमला चालवता चालवता लिहिता येत नाही आणि तिला तुमचं टेबल माहितीये.